हलके भाग, कमी धक्का? सामन्याच्या रायफलचा हिशेब

रायफलमधले हलणारे भाग हलके केले की धक्का कमी होतो, हे नेमबाजीच्या वर्तुळात हमखास ऐकू येते. परदेशी कंपन्यांची माहितीपत्रके ते सांगतात, दुकानदार सांगतात, हौशी नेमबाजही एकमेकांना सांगतात. अकलूजसारख्या गावात त्यापुढचा विचार लगेच सुचतो. साखर कारखाना आणि ट्रॅक्टर-अवजारांमुळे लेथवर हात बसलेले कारागीर इथे कमी नाहीत. मग एखादा भाग थोडा घासून हलका करून घ्यायला काय हरकत आहे? पहिली हरकत कायद्याची आहे, तिच्याकडे शेवटी येऊ. दुसरी हरकत अशी की मुळातले विधानच अर्धे खरे आहे. काही बंदुकांत हलक्या भागांनी नेम सुधारतो, काहींत फक्त पुढची गोळी लवकर झाडता येते, आणि काहींत भाग हलका केल्याने आतली आदळआपट उलट वाढते.

हा फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो. तो भाग केव्हा हलतो? गोळी नळीत असतानाच, की ती बाहेर पडल्यावर? दहा मीटरच्या हवाई बंदुकीपासून स्वयंभरणी रायफलपर्यंत एकेक प्रकार या प्रश्नावर घासून पाहिला की बराच गोंधळ निवळतो.

धक्का किती आणि कशाचा

नववीच्या विज्ञानात संवेग शिकवतात, तेवढे इथे पुरे आहे. गोळी आणि तिच्या मागून जाणारा वायू पुढे जितका संवेग घेऊन जातात, तितकाच रायफलला मागे मिळतो. दहा मीटर हवाई रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला सुमारे १७५ मीटर. गुणाकार ०.०९ न्यूटन-सेकंदाच्या आसपास येतो. पॉइंट टू टूची गोळी २.६ ग्रॅमची, वेग ३३० मीटर. वायूचा वाटा धरून संवेग जवळपास १ न्यूटन-सेकंद. ५.५६ मिलिमीटरच्या रायफलची गोळी साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते, पण वेग ९५० मीटरच्या घरात. शिवाय दीड ग्रॅमहून जास्त दारूचा वायू गोळीपेक्षाही वेगाने बाहेर पडतो. इथे बेरीज ५ ते ६ न्यूटन-सेकंद होते.

हाच संवेग रायफलच्या वजनाने भागला की तिचा मागे येण्याचा वेग मिळतो. पाच किलोची हवाई रायफल सेकंदाला जेमतेम दोन सेंटीमीटर वेगाने सरकते. साडेसहा किलोची पॉइंट टू टू पंधरा सेंटीमीटरने, तर साडेतीन किलोची ५.५६ दीड मीटरहून अधिक वेगाने मागे येते. ऊर्जेच्या मापात शेवटच्या दोघींमधले अंतर पन्नास पटीहून जास्त आहे. त्यामुळे धक्का कमी करण्याची जी युक्ती एकीच्या बाबतीत मोलाची, ती दुसरीच्या बाबतीत निरर्थक असू शकते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा एकूण संवेग रायफलच्या पोटातला कोणताही भाग हलका किंवा जड केल्याने बदलत नाही. बाहेर काय गेले आणि किती वेगाने गेले, एवढ्यावरच तो ठरतो. आतले भाग फक्त त्याची वाटणी बदलतात: किती वेळात, किती हप्त्यांत आणि कोणत्या दिशेने झटके यायचे, हे त्यांच्यावर अवलंबून असते. नेमबाजाच्या खांद्याला आणि डोळ्याला मात्र ही वाटणीच जाणवते, म्हणून हलक्या भागांचा अनुभव खोटा नसतो. खोटे असते ते त्याचे स्पष्टीकरण.

स्प्रिंगची हवाई बंदूक: जिथे भागाचे वजन खरोखर नडते

तालुक्याच्या गावात नेमबाजीची सुरुवात बहुधा स्प्रिंगच्या हवाई बंदुकीने होते. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, छर्रा घालायचा, ट्रिगर ओढायचा. छर्रा ०.०९ न्यूटन-सेकंदाचा, म्हणजे धक्का नगण्य असायला हवा. तरीही ही बंदूक हातात उसळते आणि शिकाऊ मुलाला हैराण करते. कारण छर्र्यात नसून पिस्टनमध्ये आहे.

ट्रिगर सुटला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि त्याच जोराने बंदुकीला मागे रेटते. पिस्टन पाव किलोचा, त्याची धाव आठ सेंटीमीटर आणि बाकी बंदूक तीन किलोची धरली, तर पिस्टन टोकाला पोहोचेपर्यंत बंदूक सुमारे सहा मिलिमीटर मागे सरकते. पॉइंट टू टूची रायफल याहून कितीतरी पट ताकदवान असूनही गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत पाव मिलिमीटरच्या आसपासच सरकते. पुढे पिस्टन दाबलेल्या हवेच्या उशीवर आदळून थांबतो आणि बंदुकीला उलट, पुढच्या दिशेने हिसका बसतो. छर्रा नळीतून धावतो तो नेमका याच गोंधळात. त्यामुळे स्प्रिंगची बंदूक घट्ट आवळून धरली तर नेम एका जागी लागतो, सैल धरली तर दुसऱ्या. टेबलावर टेकवली की तिसऱ्या.

इथे हलणारा भाग छर्रा सुटण्याआधी हलतो, म्हणून त्याचे वजन थेट नेमात उतरते. पिस्टन हलका केला तर बंदूक कमी सरकते, हा हिशेब सरळ आहे. पण त्यालाही मर्यादा आहे. फार हलका पिस्टन दाबलेल्या हवेवरून लवकर उलट उसळतो आणि छर्र्यामागचा दाब वाया जातो. स्प्रिंगचे स्वतःचे वजनही हलत असतेच. म्हणून सामन्याच्या बंदुका बनवणाऱ्यांनी पिस्टन हलका करण्यावर समाधान मानले नाही, पिस्टनचा धक्काच निकामी करण्याच्या वाटा शोधल्या.

१९६० च्या दशकात जर्मनीत दोन वाटा पुढे आल्या. डायना कंपनीने गिस पद्धत आणली. तिच्यात दोन पिस्टन दातेरी पट्टी आणि चाकाने जोडलेले असतात आणि विरुद्ध दिशांना धावतात, त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खोडतो. ओबेर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाउने वेगळी युक्ती केली. नळी आणि यंत्रणा रुळांवर बसवली आणि ट्रिगर ओढताच ती दस्त्यात मागे सरकू दिली. बंदूक आत सरकते, पण नेमबाजाच्या गालाला आणि खांद्याला टेकलेला दस्ता जागचा हलत नाही. या बनावटीची मॉडेल ३०० मालिका आंतरराष्ट्रीय रेंजवर वर्षानुवर्षे गाजली. दोन्ही उपायांनी बंदुकीचे वजन आणि गुंतागुंत वाढली, पण शत्रू कोण आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते.

आपल्याकडच्या स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे वेगवेगळे गट असतात. ओपन साइटच्या पायरीवर साध्या बंदुका घेऊन उतरणाऱ्या मुलांना हे समजावून सांगणे फार गरजेचे आहे. स्प्रिंगची बंदूक दर वेळी एकाच पद्धतीने, एकाच दाबाने धरणे हा तिथला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे.

दाबहवेची रायफल: उरलेसुरले

१९७४ च्या वाल्थर एलजीआरने आणि १९८४ च्या फाइनवेर्कबाउ ६०० ने पिस्टनची धावच संपवली. हवा आधीच दाबून ठेवायची आणि ट्रिगर ओढल्यावर फक्त झडप उघडायची. पुढे सिलिंडरमध्ये भरलेल्या दाबहवेच्या रायफली आल्या आणि आज दहा मीटरच्या पीप साइट गटात त्यांचेच राज्य आहे. ठाणे जिल्ह्यातल्या प्रिसीहोलसारख्या कंपन्या अशा बंदुका आता आपल्याकडेही बनवतात, त्यामुळे पहिल्या पायरीवर परदेशी मालाशिवाय पर्याय नाही अशी स्थिती राहिलेली नाही.

या रायफलीत धक्का उरला किती? छर्र्याचा ०.०९ आणि हवेचा थोडासा. पण झडपेवर आपटणारा छोटा हातोडा विसरून चालणार नाही. उदाहरणादाखल तो वीस ग्रॅमचा आणि सेकंदाला तीन मीटर वेगाचा धरा. त्याचा संवेग ०.०६ होतो, म्हणजे छर्र्याच्या दोन-तृतीयांश. शिवाय तो छर्रा हलण्याआधी आपटतो. दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. तिथे हा हातोडा हलका करणे, त्याची धाव कमी करणे किंवा विजेच्या ट्रिगरने काम करून घेणे याला अर्थ आहे. काही रायफली आणि पिस्तुलांत लहानसे वजन स्प्रिंगवर बसवलेले असते. धक्का आला की ते सरकून त्यातला काही वाटा स्वतःवर घेते. या पायरीवर भाग हलके करण्याचे काम कारखान्यातच झालेले असते. खेळाडूने पुन्हा पटाशी लावायला तिथे फारशी जागा नसते.

सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. ही कामगिरी ज्या प्रकारात झाली, तिथे धक्का हा खेळाडूंमधला फरक ठरवणारा घटक जवळपास उरलेला नाही. फरक पडतो तो उभे राहण्याच्या स्थिरतेत, ट्रिगरच्या वेळेत आणि छर्रा सुटल्यानंतर क्षणभर तसेच राहण्याच्या सवयीत, ज्याला सगळे फॉलो-थ्रू म्हणतात.

पॉइंट टू टू: हलायला भागच थोडे

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथे स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा हा नेमबाज. त्याच्या आधी तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचे जागतिक विजेतेपद मिळवले होते. एका कोल्हापूर जिल्ह्याने दिलेल्या या दोन नावांमुळे पॉइंट टू टूचा खेळ पश्चिम महाराष्ट्रात परका राहिलेला नाही.

या प्रकारातली रायफल हाताने बोल्ट ओढून भरायची असते. गोळी झाडल्यावर तिच्यात आपोआप काहीच मागेपुढे होत नाही. म्हणजे हलके भाग लावून धक्का कमी करण्याचा प्रश्न इथे मुळात उद्भवत नाही. हलणारा भाग एकच, फायरिंग पिन, आणि तो गोळी सुटण्याआधी हलतो. पिन हलकी आणि स्प्रिंग चपळ असेल तर ट्रिगर सुटल्यापासून ठिणगी पडेपर्यंतचा काळ कमी होतो. जुन्या लष्करी बोल्ट रायफलींत तो पाच मिलिसेकंदांच्या पुढे जातो, सामन्याच्या रायफलींत दोन-तीनच्या आसपास येतो.

हा फायदा मोजून पाहू. उभ्याने नेम धरताना नेमाचा बिंदू लक्ष्यावर सेकंदाला शंभर मिलिमीटर वेगाने डोलतोय असे धरा. तीन मिलिसेकंद वाचले, म्हणजे ०.३ मिलिमीटरची चूक वाचली. ५० मीटरच्या लक्ष्यावर दशांश गुणाची एक पायरी ०.८ मिलिमीटरची असते. म्हणजे फायदा खरा आहे, पण एका दशांशाच्या निम्म्याहूनही कमी. झोपून किंवा गुडघ्यावर, जिथे डोलणे कमी, तिथे तो आणखी घटतो.

धक्क्यासाठी इथला उपाय अगदी उलटा आहे. भाग हलके करण्याऐवजी रायफल जड करायची. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार ५० मीटर रायफल पुरुषांसाठी ८ किलोपर्यंत, महिलांसाठी साडेसहा किलोपर्यंत चालते, तर हवाई रायफलला साडेपाच किलोची मर्यादा आहे. वजन दुप्पट केले की मागे येण्याचा वेग निम्मा होतो. पण ते वजन थ्री पोझिशनमध्ये तासाहून अधिक काळ पेलायचे असते, त्यामुळे मर्यादेपर्यंत जाणे प्रत्येकाला परवडत नाही. नळीच्या टोकाला लावायचे मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर यांना रायफलच्या या प्रकारांत परवानगीच नाही.

ब्लोबॅक पिस्तूल: जिथे हलके करणे उलटते

राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकाराच्या जलद टप्प्यात हात खाली, मग लक्ष्य दिसताच तीन सेकंदांत वर उचलून एक गोळी, असे पाच वेळा करायचे असते. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये तर चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या. आता धक्क्याचा अर्थ बदलतो. गोळी गेल्यावर पिस्तूल किती उसळते आणि किती लवकर जागेवर येते, यावर पुढची गोळी ठरते.

हे पिस्तूल स्वयंभरणी असते आणि बहुतेक वेळा साध्या ब्लोबॅक पद्धतीचे. बोल्ट कुठे अडकवलेला नसतो. त्याचे स्वतःचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच दाब झेलला जातो. या पद्धतीत गोळीला पुढे जितका संवेग, जवळपास तितकाच बोल्टला मागे. बोल्ट हलका असो वा जड, संवेग तोच. फरक वेगात पडतो. ०.९ न्यूटन-सेकंदाला दीडशे ग्रॅमचा बोल्ट सेकंदाला सहा मीटर वेगाने मागे जातो, शंभर ग्रॅमचा नऊ मीटरने. स्प्रिंग आणि घर्षण सोडून दिले तर ऊर्जा २.७ ज्युलवरून ४ ज्युलपर्यंत चढते. हलका बोल्ट मागे अधिक जोराने आदळतो, आणि नळीत दाब असतानाच उघडू लागण्याचा धोकाही वाढतो.

म्हणून सामन्याच्या पिस्तुलांत उपाय वेगळे असतात. नळी हाताच्या शक्य तितकी जवळ ठेवून उसळी कमी करायची, मागे मऊ थोपवणारा भाग बसवायचा, १४०० ग्रॅमच्या मर्यादेत पुढे वजन घालायचे, मंद गतीची काडतुसे निवडायची. फाइनवेर्कबाउच्या एडब्ल्यू ९३ मध्ये धक्का शोषणारे स्वतंत्र वजनच आहे. हलका बोल्ट हा या यादीत बसत नाही.

वायूवर चालणारी रायफल: इथेच ती चर्चा खरी

हलक्या भागांची मूळ चर्चा ज्या रायफलींमुळे सुरू झाली, त्या वायूवर चालणाऱ्या स्वयंभरणी. यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात आखलेल्या एआर घराण्यातल्या रायफली अमेरिकेत व्यावहारिक नेमबाजीत मोठ्या प्रमाणावर वापरतात. तिथे गुण नेम आणि वेळ या दोन्हींवर असतात. जेपी एंटरप्रायझेससारख्या कंपनीने हलक्या यंत्रणेचा आणि वायूच्या समायोजनाचा एकत्र संचच बाजारात आणला.

यात घडते असे. गोळी नळीतल्या छिद्राच्या पुढे गेली की थोडा वायू वळवला जातो आणि बोल्ट कॅरिअर मागे फेकला जातो. तो रिकामे काडतूस ओढून बाहेर टाकतो, मागे बफरसह थांबतो, स्प्रिंगने पुढे येतो, नवे काडतूस घेऊन पुन्हा आदळतो. सगळे मिळून सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळ. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अचानक थांबवला की आकड्यांतल्या ढिलाईमुळे एकेक ट्रॉली पाठोपाठ धडकते. नेमबाजाच्या खांद्यालाही तसे हप्ते जाणवतात. पहिला गोळीचा, दुसरा कॅरिअर मागे थांबताना, तिसरा पुढे आदळताना. तिसऱ्याने नळीचे टोक खाली झुकते.

एआर रायफलचा नेहमीचा कॅरिअर बोल्टसह सुमारे ३३० ग्रॅम भरतो. तो सेकंदाला पाच मीटर वेगाने मागे जातो असे उदाहरणादाखल धरले तर त्याचा संवेग १.६५ न्यूटन-सेकंद होतो, म्हणजे एकूण धक्क्याच्या पाव भागाहून जास्त. आता कॅरिअर २३० ग्रॅमचा केला आणि काडतूस काढायला लागणारी ऊर्जा तेवढीच ठेवली, तर वेग सहा मीटरवर जातो आणि संवेग १.३८ होतो. वजन तीस टक्क्यांनी घटले, मागच्या आदळीचा संवेग सुमारे सोळा टक्क्यांनी. माहितीपत्रकांतले दावे आणि हातातला अनुभव यांत जे अंतर पडते, त्याचे एक कारण हेच.

हा फायदा पदरात पडण्यासाठी वायूही कमी करावा लागतो. नुसता कॅरिअर हलका केला आणि वायू तसाच ठेवला, तर तो आणखी वेगाने पळतो, लवकर कुलूप सोडतो, काडतुसाची कड ओरबाडतो आणि मागे जोरात आदळतो. म्हणून हलका कॅरिअर, हलका बफर आणि वायूचे समायोजन हे त्रिकूट एकत्रच येते.

ते जमून आले तर मिळते काय? कॅरिअरच्या आदळी गोळी नळी सोडून गेल्यावर होतात. म्हणजे त्या गोळीच्या नेमावर त्यांचा परिणाम जवळपास शून्य. मिळतो तो वेळ: दुर्बीण किंवा साइटमधला ठिपका लक्ष्यावरून कमी हलतो, लवकर परततो, दुसरी गोळी सेकंदाच्या काही शतांशांनी लवकर जाते. घड्याळ लावून खेळतात तिथे हे सोन्याच्या मोलाचे. सावकाश खेळतात तिथे मातीमोल.

आणि किंमत द्यावी लागते ती भरवशाची. जड कॅरिअर धूळ, चिखल, कमी ताकदीचे काडतूस, थंडी यांतूनही आपले काम रेटून नेतो. हलक्या आणि नेमक्या वायूवर जुळवलेल्या यंत्रणेला एवढी मुभा नसते. म्हणून लष्करी आखणीचा कल उलटा असतो. पुण्यात पाषाणला असलेल्या डीआरडीओच्या एआरडीई संस्थेने आखलेल्या इन्सासमध्ये पिस्टन कॅरिअरबरोबरच पूर्ण धाव घेतो, म्हणजे हलणारे वजन जास्तच. वायू कमी-जास्त करायला तिच्यावर रेग्युलेटर आहे. तो धक्का मऊ करण्यासाठी बसवलेला नाही, रायफल कुठल्याही स्थितीत चालू राहावी म्हणून आहे. सोरेगावला राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे. तिथल्या जवानाला सरकारी रायफलने स्पर्धेत उतरायचे असेल, तर भाग बदलण्याचा विषयच येत नाही. त्याच्या हाती राहते ती पकड, खांद्याची जागा आणि सराव.

इतर वाटा

याच आदळीवर उपाय म्हणून आणखी दोन विचार पुढे आले. पहिला प्रतिवजनाचा. रशियात एईके-९७१ आणि एके-१०७ या रायफलींत कॅरिअर मागे जाताना तेवढेच वजन पुढे जाते आणि दोघांच्या आदळी एकमेकींना खोडतात. गिसच्या दोन पिस्टनांचा हा थेट नातेवाईक. कलाश्निकोव्ह कंपनीने याच पद्धतीची खेळाडूंसाठीची रायफलही बनवली. दुसरा विचार जेम्स सुलिव्हन यांचा, जे एआर-१५ च्या आखणीतही होते. सिंगापूरच्या अल्टिमॅक्स १०० या मशीनगनमध्ये बोल्टला मागे इतकी जागा दिली आहे की तो शेवटपर्यंत आदळतच नाही. स्प्रिंग त्याला सगळा वेळ सारख्याच जोराने अडवत राहते. धक्का पसरतो, झटका राहत नाही. वजन हलके न करताही परिणाम तोच मिळतो, हे या दोन्हींतून दिसते.

काडतूस तेच ठेवून एकूण संवेग खरोखर कमी करणारी वाट एकच आहे, मझल ब्रेक. तो वायू बाजूला आणि मागे वळवतो. दारू जास्त असलेल्या रायफलीत याचा परिणाम मोठा, पण बाजूच्या लेनवरच्या माणसाच्या कानांवरही तितकाच. हवाई रायफल आणि पॉइंट टू टूमध्ये वळवायला वायूच थोडा असतो.

नियम, कायदा आणि लेथ

भारतात सामन्यांची चौकट राष्ट्रीय रायफल संघटनेची. १९५१ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्याच नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय पातळीकडे जाण्याचा रस्ता आहे. महाराष्ट्रात वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आणि बालेवाडीचे संकुल या वाटेवरचे मोठे थांबे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या रायफल प्रकारांत वायूवर चालणाऱ्या स्वयंभरणी रायफलीला स्थान नाही. म्हणजे अकलूजचा खेळाडू ज्या शिडीवर चढणार आहे, तिच्या एकाही पायरीवर हलक्या कॅरिअरचा प्रश्न येत नाही.

आता लेथची हरकत. ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्युलपेक्षा कमी ताकदीची हवाई बंदूक परवान्याशिवाय ठेवता येते. पण दारूच्या शस्त्राची निर्मिती, दुरुस्ती किंवा रूपांतर परवान्याशिवाय करता येत नाही, हे १९५९ चा शस्त्र कायदा स्पष्ट सांगतो. गावातल्या कुशल कारागिराने प्रेमाने का होईना, खेळाडूच्या रायफलचा भाग घासून दिला तर दोघेही अडचणीत येतात. परवाना न लागणाऱ्या हवाई बंदुकीतही दाब झेलणारा किंवा ट्रिगर अडवणारा भाग घासणे म्हणजे बंदूक आपोआप सुटण्याला आमंत्रण.

पैसा आणि वेळ कुठे घालावा

सगळा हिशेब मांडल्यावर क्रम असा लागतो. आधी दस्ता अंगाला बसवून घ्यायचा: बट प्लेट, चीक पीस, लांबी. धक्का सरळ रेषेत खांद्यात गेला तर उसळी कमी वाटते, त्याला एक पैसाही लागत नाही. मग नैसर्गिक नेम, म्हणजे अंग सैल सोडल्यावर नळी लक्ष्याकडेच राहते का, हे डोळे मिटून तपासायचे. धक्क्यानंतर नळी परत त्याच जागी आली तर बैठक बरोबर, भलतीकडे गेली तर दोष बैठकीचा. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रे मिळतात, म्हणजे प्रत्येकी चार मिलिसेकंद. एवढ्यात हा परतीचा मार्ग सहज दिसतो. त्यानंतर ड्राय फायरिंग आणि फॉलो-थ्रू, मग छर्रे किंवा काडतुसांच्या वेगवेगळ्या बॅच तपासून आपल्या नळीला मानवणारी शोधणे. यंत्रणेतले भाग या यादीत सगळ्यात शेवटी येतात, आणि तेही अधिकृत दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून.

ज्याला स्प्रिंगची बंदूक बदलायची ऐपत आहे, त्याने हलक्या पिस्टनच्या मागे न लागता थेट दाबहवेची रायफल घ्यावी. धक्क्याच्या बाबतीत याहून मोठी झेप या खेळात दुसरी नाही. पॉइंट टू टूवर गेलेल्याने दोन-तीनशे ग्रॅम वजन कुठे घालायचे याचा विचार करावा, घटवण्याचा नाही. पिस्तूल खेळणाऱ्याने बोल्टला हातही लावू नये. हलक्या कॅरिअरची गोडी आहे ती घड्याळ लावून, गठ्ठ्याने गोळ्या झाडणाऱ्या परदेशी स्पर्धांत. तिथे ती जरूर असावी. आपल्या मुलांच्या गुणपत्रिकेत ती शोधणे म्हणजे दुसऱ्याच खेळाचा उपाय आपल्या खेळाला लावणे.